डाव्या पट्ट्याखाली

अन्वर,

तुझी बॅग अठरा दिवस माझ्या घरात होती. दारामागच्या खिळ्याला लटकवली होती. दार उघडलं की ती भिंतीवर आपटायची आणि तिच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल टक् वाजायचं. दूधवाला आला, टक्. पेपर घ्यायला गेलो, टक्. दुसऱ्या खिळ्यावर लावता आली असती. लावली नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या अम्मांनी ती माझ्या हातात ठेवली. आत कॅमेरा तसाच होता. नसीमभाभी पडद्यामागं होत्या. इद्दत सुरू झाली होती, म्हणजे आता सव्वाचार महिने त्या घराबाहेर पडणार नाहीत आणि परक्या पुरुषासमोर येणार नाहीत. वीस वर्षं माझ्यासाठी भोपळ्याचा वेगळा, बिनमटणाचा दालचा रांधणाऱ्या भाभींना मी एका सकाळीत परका झालो. पडद्यामागून त्यांचा आवाज आला, "दिलीपभाई, ये तुमीच रखो. तुम उनके वास्ते कित्ता ढूंडे. सगा भाई भी नै ढूंडता. मैं जब भी पूछी, खांदा कायकू दुखरा, तो बोलते थे, दिलीप देखा है, घाबरने की बात नै."

मी बॅग घेतली आणि मान हलवली. त्या मान हलवण्यातच मी अडकलो. त्याच क्षणी बोललो असतो तर बोलून गेलो असतो. नंतर रोज ते अवघड होत गेलं. ओल्या दोरीची गाठ वाळताना आवळत जाते तसं.

हे मी दुकानात लिहितोय, तू करून दिलेल्या स्टुलावर बसून. शहागंजातल्या या मेडिकलच्या काउंटरमागं मी नुसता उभा असायचो. तू एकदा बाम घ्यायला आलास, काउंटरवरून वाकून माझ्या सुजलेल्या पायांकडं बघितलंस आणि दुसऱ्या दिवशी हे स्टूल आणून ठेवलंस. मधे खोलगट, कडेला घट्ट, वर काळं रेक्झिन. "बैठ डॉक्टर. आदमी का आधा दर्द उसकी सीट में रहता." ही आपली पहिली ओळख. वीस वर्षांत रेक्झिन दोनदा बदललंस, फोम तोच आहे. अजून दबलेला नाही. तुझ्याबद्दल वाईट वाटत असताना खाली इतकं आरामाचं असावं, हे मला सोसत नाही. उभं राहिलो तर गिऱ्हाइकं विचारतात, काय झालं.

रोशन गेटजवळच्या तुझ्या सीट कव्हरच्या दुकानात मी कितीतरी दुपारी काढल्या. कन्नडचे जीपवाले, रिक्षावाले, कंबर धरून यायचे. तू त्यांना बसूही द्यायचा नाहीस. "कमर बाद में. पहिले सीट दिखा." मग बाहेर जाऊन सीटवर अंगठा दाबायचास आणि फोम किती वेळात वर येतो ते बघायचास. एका ठिकाणी कापायचास, एका ठिकाणी भरायचास. आठ दिवसांनी तो माणूस मिठाई घेऊन यायचा. मीसुद्धा काउंटरवरून माणसं तुझ्याकडं पाठवायला लागलो होतो. मलम देतो, पण आधी अन्वरकडं सीट दाखवा. आपण दोघंही असेच झालो होतो. अंग दुखलं की आपल्याला आधी गादी आठवायची.

आणि रविवार. तुझ्याआधी माझे रविवार कसे होते ते मला आठवतही नाही. तू जुना कॅमेरा घेतलास, लांब भिंगाचा, आणि मला मागं बसवून जायकवाडीच्या पाण्यावर नेलंस. चिखलात पोटावर झोपायला लावलंस. "सांस रोक. पंख उठेंगे तब दबा." मी दाबलं तेव्हा पक्षी निघून गेला होता. नुसतं पाणी आलं, त्यावर एक गोल लहर. तो फोटो तू दुकानात लावलास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचास, "हे आमच्या डॉक्टरनं काढलेलं बदक हाय. बघा दिसतंय का." पाणी बघून हसणारी माणसं बघत मी तिथं बसलेलो असायचो आणि मला लई बरं वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर आपण पितळखोऱ्याला गेलो. लेणी खाली दरीत, पायऱ्याच पायऱ्या. उतरताना तू माझ्यापुढं होतास. चढताना निम्म्यात थांबलास आणि उजव्या हातानं डावा खांदा धरलास.

"काय झालं?"

"पट्टा चावतोय."

तेव्हा तुझ्याकडं तू स्वतः शिवलेली बॅग होती, बसच्या सीटच्या रेक्झिनची. रिकामीच एवढी जड की माकडंसुद्धा ओढून न्यायची नाहीत, असं मी म्हणायचो. मी तुझ्या मागं जाऊन पट्ट्याखाली बोट घालायला गेलो. जात नव्हतं. शर्टावर पट्ट्याचा वळ उमटला होता. माझी खात्री पटली. "सगळं वजन खांद्यावर आहे. बॅग बदलायला पाहिजे," मी म्हणालो. तू तुझ्याच शिलाईवर रागावलास. "फोम हलका पडला." दोघांनी मिळून निदान केलं आणि पायऱ्या चढून वर आलो. वर आल्यावर तू बराच वेळ बोलला नाहीस. मला वाटलं, स्वतःच्या हातची बॅग वाईट निघाली म्हणून.

मग सुरू झाली ती शोधाशोध. मी मोबाइलवर वाचायचो, तू दुकानांत जाऊन उसवून बघायचास, म्हणजे बघायला मागायचास. निराला बाजारातल्या त्या दुकानात तू पिशवीतून ज्वारीच्या चार पुड्या काढल्यास तेव्हा पोऱ्यानं विचारलं, "अंकल, दळायला आलात का?"

"दळायलाच आलोय. तुला." तू पुड्या बॅगेत भरल्यास, पाठीवर घेतलीस आणि दुकानाचा जिना चढून-उतरून बघितलास. तीनदा. मालक बाहेर आला. "काका, ही लई चालते. ट्रेकवाली पोरं हीच नेतात."

"पोरांची पाठ रबराची असते. ही पाठ माझी हाय. रिकामी बॅग तर नवरदेवालाही शोभते."

तिथं मी तुझी पाठ मोजली, तुझ्याच टेपनं. मान खाली घातली की मागं जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंत. बॅग माणसाच्या उंचीवर घ्यायची नसते, पाठीच्या लांबीवर घ्यायची असते, हे मी नुकतंच वाचलं होतं आणि मला ते सगळ्या दुकानाला सांगायचं होतं. तुझी पाठ आखूड निघाली. "इसलिए ही मेरे पीठ पीछे कोई नै बोलता. जगहच नै," तू म्हणालास. तो पोऱ्याही हसला.

आपली यादी वाढत गेली. कॅमेऱ्याचा कप्पा काढता-घालता यावा, म्हणजे वर भाकरी आणि स्वेटर मावेल. जड भिंग पाठीला चिकटून राहावं, बाहेरच्या बाजूला नको, नाहीतर माणूस मागं ओढला जातो. चेन पाठीच्या बाजूनं उघडावी, कारण बॅग चिखलात ठेवली तर निदान पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते. पाठीला जाळी हवी, आपल्याकडच्या उन्हात रेक्झिन म्हणजे तवा. आणि बाहेरून कॅमेऱ्याची बॅग आहे असं दिसता कामा नये, एसटीत मांडीवर घेऊन झोपता आलं पाहिजे. हे शेवटचं तुझं. माझ्या डोक्यातही आलं नसतं. तू प्रत्येक बॅग उलटी करून पट्टा जिथं जोडलेला असतो तिथले आडवे टाके बघायचास आणि दुकानदाराला म्हणायचास, "हे कुणी शिवलं? घाईत होता बिचारा."

कमरेच्या पट्ट्यावरून आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. मी म्हणायचो, वजन कमरेच्या हाडावर बसलं पाहिजे, खांद्याचे पट्टे फक्त बॅग मागं पडू नये म्हणून असतात.

"कमर बांधने को मैं क्या घोडा हूं? मोंढ्यातले हमाल बघ. क्विंटल उचलतात. बांधतात का कमरेला?"

"हमाल पन्नास पावलं चालतो. त्याच्या कमरेला विचार एकदा."

"विचारलंय. म्हणाला, मेडिकलवाल्यानं मलम दिलं, पण गुण नाय."

या सगळ्यात दोन महिने गेले. तुझा खांदा दुखतच होता. जिना चढताना तुला दम लागायला लागला होता. ज्वारी भरलेली बॅग घेऊन जिने चढणाऱ्या माणसाला दम लागणारच, असं मी म्हणालो. मीच म्हणालो, अन्वर. मला ते वाक्य शब्दन् शब्द आठवतं.

शेवटी बॅग मिळाली. मातकट रंगाची, आखूड पाठीची, तुझ्या आणि माझ्या यादीतलं सगळं असलेली. रविवारी सकाळी आपण गोगाबाबा टेकडीवर गेलो, बॅग बघायला. जानेवारीची थंडी होती. मी तुला उभं केलं, कमरेचा पट्टा हाडावर बसवून आवळला, छातीचं बक्कल लावलं, खांद्याचे पट्टे सैल सोडले. तू कुरकुरलास, पण दहा पावलांत तुझा चेहरा बदलला. "अरे, गेलं कुठं वजन?" आणि मागं वळून न बघता म्हणालास, "ठीक है. घोडा तो घोडा." वीस वर्षांत तू वादात हरल्याचं कबूल केलंस ते एवढंच. मी आनंदानं तुझ्यामागं चढत होतो.

वर पोचलो. खाली मकबऱ्याचे मिनार धुक्यात होते. तू फोटो काढला नाहीस. दगडावर बसलास आणि उजवा हात डाव्या खांद्यावर गेला.

"अजून दुखतंय रे."

मी पट्टा सैल करायला म्हणून हात घातला. बोटं सरळ आत गेली, मग अख्खा तळवा. पट्टा तुझ्या खांद्याला टेकलाही नव्हता. तिथं वजनच नव्हतं.

तुझ्या कपाळावर घाम होता. त्या थंडीत.

इथवर मी सगळ्यांना सांगू शकेन. पुढचं सांगता येत नाही म्हणून हे लिहितोय. त्या क्षणी मला कळलं. शंका आली असं नाही, कळलंच. मागच्या उन्हाळ्यात बिडकीनचा एक शेतकरी असाच खांदा धरून काउंटरवर आला होता, मलम मागत. त्याच्या कपाळावरचा घाम बघून मी शटर अर्धं ओढलं आणि त्याला रिक्षात घालून स्वतः दवाखान्यात नेलं. तो वाचला. महिन्यानं मोसंबीची गोणी घेऊन आला, त्यातली निम्मी तुझ्याकडं पाठवली होती, तूही खाल्लीस. त्या माणसाचं नावही मला माहीत नव्हतं.

आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "हे बॅगेचं नाही. दाखवायला पाहिजे."

"दाखवू. बुधवारपर्यंत एका गाडीच्या सगळ्या सीटा द्यायच्यात. गुरुवारी जाऊ."

"उद्या जाऊ."

"गुरुवारी. और नसीम को मत बोल. घरात रडारड नक्को."

मी खिशातून गॅसची गोळी काढून दिली. माझ्या खिशात नेहमी असते. तू ती चघळलीस, दहा मिनिटांनी म्हणालास, बरं वाटतंय. मी म्हणालो, "मग गुरुवारी."

का म्हणालो, हे तीन आठवडे शोधतोय. आधी वाटलं, तुला दिलेल्या शब्दामुळं. मग वाटलं, दोन महिने मी चुकलो हे मान्य करायचं नव्हतं म्हणून. दोन्ही खरं आहे, पण त्याच्याही खाली एक आहे. टेकडीवर तुझा हात खांद्यावर गेला तेव्हा मला पहिलं दिसलं ते असं की आता हा दवाखान्यात जाईल, तिथं त्याला चढायला मनाई करतील आणि रविवार संपतील. तुझे नाही, माझे. मला चार दिवस हवे होते, अन्वर. एवढंच. गुरुवारपर्यंत माझे रविवार शाबूत राहणार होते.

सोमवारी संध्याकाळी तुझा फोन आला. "डॉक्टर, गोळी काम की है. तरीपण फोम बदलतो. डावीकडचा."

तिथं वजन नाही हे मी स्वतःच्या हातानं बघितलं होतं. मी म्हणालो, "बदल."

मंगळवारी सकाळी दहाला तुझ्या शेजारच्या पंक्चरवाल्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तुला दवाखान्यात नेलं होतं आणि तिथून परत आणायचं तेवढं उरलं होतं. दुकानात बॅग मशीनवरच होती. डावा पट्टा सुईखाली, वरचं कापड निम्मं उसवलेलं, आत नवा पिवळा फोम भरलेला. पंक्चरवाल्यानं धागा कापून ती सोडवली आणि तुझ्या घरी पोचवली. "चाचा मशीनपेच सर रख के बैठे थे. मेरेकू लगा, सुई में धागा डाल रहे."

ती बॅग भाभींनी माझ्याकडं दिली, माझ्या कष्टांची आठवण म्हणून. मी ती एकदा पाठीवर घेऊन बघितली, हे सांगायला हवं. माझी पाठ लांब. पट्टा पोटावर येतो. ती फक्त तुलाच बसत होती, आपण ती इतकी नीट निवडली होती.

काल दुपारी मी बॅग घेऊन तुझ्या घरी गेलो. अम्मा बाजेवर तस्बीहची माळ ओढत होत्या. मी म्हणालो, भाभींना सांगायचंय. पडदा हलला, म्हणजे त्या आल्या असाव्यात. समोर नुसतं निळं कापड होतं. त्यावरची फुलं ओळखीची वाटली. तुझ्या दुकानातल्या उरलेल्या कापडाचा पडदा होता तो.

मी त्या कापडाला सगळं सांगितलं. टेकडी, घाम, पट्ट्याखाली घातलेला हात. गॅसची गोळी. गुरुवार. तू सांगू नको म्हणाला होतास हे सांगितलं आणि मला रविवार हवे होते हेही सांगितलं. तुझा शब्द मी मोडला. तू जिवंत असताना मोडायला हवा होता.

 मग भाभींनी विचारलं, "किस दिन की बात?"

"रविवार."

"मंगल को गये वो."

"हो."

"पीर के दिन, सोमवार कू, घर पेच थे. दोपहर तलक सोये थे. मैं पावां दबा रही थी." मग, "मेरेकू किसीने बोला रहता तो मैं उसी वख्त ले जाती थी. रिक्षा गली में खडी रहती."

अम्मांच्या बोटांतली तस्बीह थांबली होती. मी खाली बघत होतो.

"बॅग अंदर दो," भाभी म्हणाल्या.

अम्मांनी उठून ती पडद्याआड दिली. आतून कापड घासल्याचा आवाज आला. मग टक्, कमरेचं बक्कल. मग लहान टक्, छातीचं. भाभींची पाठही तुझ्यासारखीच आखूड असावी. मी केलेली मापं तशीच होती.

"हात किधर डाले थे?"

"डाव्या पट्ट्याखाली," मी म्हणालो. "मानेजवळ."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. पडदा हलला नाही.

"यां तो कुछ भी वजन नै है, दिलीपभाई."

  मी बसून राहिलो, बक्कल उघडल्याचा आवाज येईल म्हणून. तो आला की उठायचं, असं ठरवलं होतं. अस्रची, तिसऱ्या प्रहरची, अजान झाली. अम्मा नमाजला उठल्या. मी चपला घातल्या, जरा थांबलो, गल्लीच्या तोंडाशी जाऊन पुन्हा थांबलो.

तो आवाज आला नाही, अन्वर. मी अजून ऐकतोय.

दिलीप